समुद्रतळाचा सातबारा

 

आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. सुट्टीच्या दिवशी तुम्ही दिब्ब्याला किंवा खोरफक्कानला गेला असाल. मुलांनी तोंडावर चष्मे लावून पाण्यात डोकी घातली असतील आणि "बाबा, मासे!" म्हणून आरडाओरडा केला असेल. मासे सगळ्यांना दिसतात, पण ज्या खडकाभोवती ते फिरत असतात तो खडक कोणी बांधला, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला का?

मला तो पडला एका किड्यामुळे. समुद्रात बोटाच्या पेराएवढा एक किडा असतो. लाटेबरोबर वर उडालेले वाळूचे कण तो एकेक करून पकडतो, स्वतःच्या चिकट द्रवाने जोडतो आणि राहण्यासाठी नळी बांधतो. शेजारी दुसरा किडा येतो आणि तोही बांधतो. अशा लाखो नळ्या एकमेकींना चिकटल्या की मधाच्या पोळ्यासारखा खडक तयार होतो. फ्रान्समध्ये माँ-सॅं-मिशेलच्या उपसागरात या किड्यांनी बांधलेला रीफ शंभरेक हेक्टरांचा आहे. युरोपात जिवांनी बांधलेलं एवढं मोठं दुसरं बांधकाम नाही असं मानतात. तिथले शास्त्रज्ञ विमानातून त्याचे नकाशे काढतात, कारण शिंपले गोळा करणाऱ्यांच्या पायाखाली तो तुटतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही या किड्याची भावंडं खडकांना धरून असतात. आपण त्यांच्यावर पाय देऊन पुढे जातो.

इथे, अमिरातीच्या पाण्यात, बांधकामाचं मोठं कंत्राट प्रवाळाकडे आणि शिंपल्यांकडे आहे. किडेही आहेत. शिंपल्यांच्या पाठीवर, जहाजांच्या तळांवर, प्रवाळाच्या अंगात ते चुन्याच्या नळ्या करून राहतात. पण खरी भिंत उभारतो तो प्रवाळ. आजची गोष्ट या भिंतीच्या नकाशांची आहे. हे नकाशे कोणी काढले, कशासाठी काढले, आणि नकाशा निघाल्यावर त्या भिंतीचं काय झालं, ते पाहू. गोष्ट आखाताची असली तरी तिची अर्धी कागदपत्रं मुंबईत आहेत, म्हणून ती आपलीही आहे.

आधी एक कबुली देतो. मी इतिहासकार नाही. दिवसभर मी लोकांच्या डेटाची इकडून तिकडे हलवाहलव करतो. एमबीएच्या वर्गात आम्हाला एक वाक्य घोटून घोटून शिकवलं होतं, की जे मोजता येतं तेच सांभाळता येतं. वीस वर्षं मी हे वाक्य ग्राहकांना विकलं. इथल्या समुद्राचा इतिहास वाचला आणि त्या वाक्याला तडा गेला. तो कसा, ते सांगतो.

*

साल १८१९, नोव्हेंबर महिना. मुंबई बंदरातून एक मोठं आरमार निघालं. मेजर जनरल विल्यम ग्रँट कीर हा त्याचा सेनापती आणि रास अल खैमा हे लक्ष्य. तिथे कासिमींचं राज्य होतं. कंपनीच्या कागदांत कासिमींना चाचे म्हटलं होतं आणि या किनाऱ्याला चाच्यांचा किनारा. डिसेंबरात रास अल खैमा पडलं आणि जानेवारी १८२० मध्ये इथल्या शेखांबरोबर सागरी शांततेचा तह झाला.

इथे आपल्या कानांनी थोडं टवकारायला हवं. याच मुंबईहून निघालेल्या आरमाराने त्याआधी साठ-पासष्ट वर्षांपूर्वी, १७५६ मध्ये, विजयदुर्ग घेतला होता. तिथे तुळाजी आंग्रे होते आणि कागदात शब्द तोच होता, चाचे. स्वतःच्या समुद्रात दस्तक मागणाऱ्या माणसाला परक्याच्या कागदात काय म्हणतात, हे कोकणाला ठाऊक आहे. शारजाचे शासक शेख डॉ. सुलतान बिन मोहम्मद अल कासिमी यांनी १९८६ मध्ये यावर पुस्तकच लिहिलं. आखातातल्या अरब चाचेगिरीची कथा ही रचलेली कथा आहे, असं त्यात त्यांनी मांडलं. त्यांनी बरेचसे पुरावे कुठून काढले? मुंबईच्या दफ्तरखान्यातून. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत जे राज्य पुराभिलेखागार आहे, तिथल्या कागदांतून. मी कॉलेजात असताना त्या इमारतीच्या सावलीत कितीदा तरी बसची वाट पाहत उभा राहिलोय. ज्या किनाऱ्यावर पुढे माझं पोट चालणार होतं, त्याचा इतिहास माझ्या पाठीमागच्या भिंतीआड पडला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

तह तर झाला, पण एक अडचण राहिली. या किनाऱ्याचा धड नकाशा नव्हता. अबू धाबीपासून पश्चिमेला समुद्र इतका उथळ आणि वाळूचे पट्टे, बेटं, खाड्या यांनी इतका भरलेला आहे, की मोठं जहाज आत शिरलं तर बाहेर पडेलच याची खात्री नाही. स्थानिक नावा सुळकन आत जात आणि इंग्रजी जहाजं बाहेर ताटकळत. म्हणून तहानंतर लगेचच मुंबईहून सर्वेक्षणाची जहाजं निघाली. एकाचं नाव 'डिस्कव्हरी', दुसऱ्याचं 'सायकी'. मॉन, गाय, ब्रक्स, हेन्स हे अधिकारी आणि नकाशे रेखाटायला हौटन. काम १८२० च्या दशकात सुरू झालं आणि १८२९ पर्यंत चाललं. यातला हेन्स तोच, ज्याने पुढे १८३९ मध्ये एडन घेतलं.

हे अधिकारी बॉम्बे मरीनचे, म्हणजे कंपनीच्या मुंबई आरमाराचे. पण जहाज काही अधिकारी चालवत नाहीत. या आरमारात कोकणपट्टीतल्या खलाशांची भरती होत असे. खलाशी, सारंग, तांडेल हे शब्द त्या जहाजांवरही होते आणि रत्नागिरी-रायगडच्या घरांच्या पाट्यांवर आजही आहेत. नकाशाच्या कोपऱ्यात नाव मात्र लेफ्टनंटचं येतं. दोरी ओढणाऱ्याचं नाव कुठल्याच नकाशात येत नाही.

दोरी कसली? तेच तर या सगळ्या कामाचं मुख्य यंत्र होतं. दोरीच्या टोकाला शिशाचं वजन आणि वजनाच्या बुडाला खळगा. खळग्यात चरबी भरायची आणि दोरी पाण्यात सोडायची. वजन तळाला टेकलं की दोरीवरच्या खुणांवरून खोली कळे. वर ओढून घेतलं की चरबीला जे चिकटलं असेल त्यावरून तळ कळे, मग ती वाळू असो, चिखल असो, शिंपल्याचा चुरा असो किंवा प्रवाळाचा तुकडा. नकाशात खोलीचा आकडा आणि त्याच्या शेजारी तळासाठी एक-दोन अक्षरं. सूर्य डोक्यावर तापलेला, पाणी गरम, होडी लहान, आणि दिवसभर दोरी सोडायची, ओढायची, लिहायचं. असं महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं चाललं.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हा आखाताच्या तळाचा पहिला मोठा डेटाबेस. दोन रकाने, खोली आणि तळ. प्रवाळ त्यात आहे, पण कशाला? तर तिथे जहाज फुटेल म्हणून. नकाशाच्या दृष्टीने प्रवाळ म्हणजे धोका, त्यापलीकडे काही नाही.

या मोहिमेचं ब्रक्सने लिहिलेलं सविस्तर टिपण पुढे १८५६ मध्ये मुंबई सरकारच्या निवडक कागदपत्रांच्या मालेत छापलं गेलं. त्यानंतर कॉन्स्टेबल आणि स्टिफ या दोघांनी १८५७ ते १८६० मध्ये पुन्हा मोजणी केली आणि १८६४ मध्ये आखातातल्या नावाड्यांसाठी मार्गदर्शक निघालं. यातला कॉन्स्टेबल हा निसर्गचित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या जॉन कॉन्स्टेबलचा मुलगा. बापाने इंग्लंडचं आभाळ रंगवलं, मुलाने आखाताचा तळ.

*

आता दुसऱ्या नकाशाकडे वळू. हा कागदावर नव्हता.

इंग्रज दोरी सोडत होते त्याच पाण्यात दर उन्हाळ्यात हजारो माणसं उड्या मारत होती. मोत्यांसाठी. जूनच्या सुमारास नावा निघायच्या आणि चारेक महिन्यांनी परतायच्या. नाकाला चिमटा, पायाला दगड, गळ्यात टोपली. पाणबुड्याला म्हणत घैस, दोरी धरून त्याला वर ओढणाऱ्याला सैब आणि नावेच्या कप्तानाला नाखुदा. आपल्या कोळीवाड्यातला नाखवा तो हाच. शब्द फारसी, आणि दोन्ही किनाऱ्यांवर एकाच वाऱ्याने पोहोचलेला. खोली मोजायचं त्यांचं माप होतं बाअ, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी. आपण त्याला वाव म्हणतो. घरच्या विहिरीचं पाणी किती वाव खाली गेलंय हे सांगणारी आजी तुम्हाला आठवत असेल, तर नाखुद्याचं माप तुम्हाला नवीन नाही.

मोत्याच्या शिंपल्यांच्या पट्ट्याला ते हैर म्हणत, उथळ खडकाला फश्त. प्रत्येक हैरला नाव होतं. इंग्रजांच्या नकाशात तीच नावं उतरली, कारण विचारल्याशिवाय त्यांना कळणार कशी होती? नाखुदा रात्री तारा पाहून, दिवसा पाण्याचा रंग पाहून आणि चिमूटभर तळ तपासून सांगे की आपण अमुक हैरवर आहोत. त्याचा नकाशा डोक्यात होता आणि त्यात तिसरा रकाना होता. गेल्या वर्षी इथे शिंपले कसे होते, कोणती कडा यंदा सोडायला हवी, कुठे प्रवाह ओढतो, कुठे माणूस गेला होता. आपल्या तलाठ्याच्या भाषेत सांगायचं तर तो शेऱ्याचा रकाना.

या पट्ट्यांची मालकी कोणाची? हा फार महत्त्वाचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मला सातबाऱ्याची आठवण करून देतं. किनाऱ्यावरच्या सगळ्या टोळ्यांना सगळे हैर खुले होते. अबू धाबीची नाव बहरीनजवळ जाई, दुबईची नाव अबू धाबीजवळ. कोणाचं एकट्याचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं आणि 'इतर अधिकार' या रकान्यात मात्र साऱ्या किनाऱ्याची नावं होती. बाहेरच्याला मनाई होती. हंगामात आपसात लढायचं नाही म्हणून १८३५ मध्ये मोत्यांच्या हंगामापुरता युद्धबंदीचा करार झाला, पुढे तो वाढत गेला आणि १८५३ मध्ये कायमचा झाला. आज आपण ज्याला अमिरात म्हणतो, त्याच्या जुन्या 'ट्रूशियल' नावामागे हाच तह आहे.

पुढे युरोपातल्या मंडळींना वाटू लागलं, की पाणबुड्याचा पोशाख आणि यंत्रं आणून इथे मोती काढावेत. शेखांनी त्याला कडाडून विरोध केला आणि इंग्रज सरकारनेही तो उचलून धरला. त्यामागे शिंपल्यांवरचं प्रेम नव्हतं. दुसऱ्या युरोपीय सत्तेचा पाय इथे पडू नये, हे राजकारण होतं. पण परिणाम असा झाला, की यंत्राने तळ खरवडला गेला नाही. संरक्षण घडलं, भले हेतू वेगळा असेल.

म्हणून हे चित्र गुलाबी करून सांगायला नको. नाखुद्याकडून उचल घेतलेला पाणबुड्या कर्जातून सहसा सुटत नसे. बापाचं कर्ज मुलाच्या अंगावर येई. समुद्र सर्वांचा होता, पण उडी मारणाऱ्याचं शरीर सावकाराकडे गहाण होतं.

आणि त्या साखळीचं दुसरं टोक होतं मुंबई. आखातातले बहुतेक मोती मुंबईत येत. तिथे ते निवडले, भोकं पाडून ओवले जात आणि तिथून पॅरिस-लंडनला जात. उलट दिशेने तांदूळ, कापड आणि नावांसाठी सागवान येई. अरब मोतीवाले मुंबईत घरं करून राहत. पैसाही आपलाच होता. इथे रुपया चालायचा. १९५९ मध्ये तर रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि त्या १९६६ पर्यंत इथे चालल्या. दुबईतल्या जुन्या माणसांना आजही 'रुपया' हा शब्द परका वाटत नाही.

मोत्यांचा व्यवसाय भरात होता तेव्हा, १९०८ मध्ये, हिंदुस्थान सरकारने जे. जी. लॉरिमर या अधिकाऱ्याकडून आखाताचं गॅझेटियर तयार करवलं. त्यात मोत्यांच्या पट्ट्यांची नावानिशी यादी आहे. ट्रूशियल किनाऱ्यावरून सुमारे १२०० नावा आणि २२ हजार माणसं मोत्यांवर जात, असं त्यात नोंदलंय. दोन रकान्यांच्या डेटाबेसला आता नावा आणि माणसं जोडली गेली. मोजणी इतकी नीट कधीच झाली नव्हती.

आणि मोजून झाल्यावर वीस-पंचवीस वर्षांत सगळं संपलं. जपानमध्ये मिकिमोटोचे पैदास केलेले मोती बाजारात आले, १९२९ ची मंदी आली आणि या किनाऱ्यावर उपासमार आली. शिंपले होते तिथेच होते. नकाशा होता तिथेच होता.

*

तिसऱ्या नकाशाची वेळ आली १९५४ मध्ये. ब्रिटिश पेट्रोलियमने अबू धाबीच्या समुद्रात तेल शोधण्यासाठी एका फ्रेंच जहाजाला बोलावलं. जहाजाचं नाव 'कॅलिप्सो' आणि कप्तान जॅक कुस्तो. समुद्राखालच्या चित्रपटांमुळे पुढे जगप्रसिद्ध झाला तो हाच. त्याच्या माणसांनी तळाला उतरून खडकाचे नमुने तोडून आणले. मोत्यांसाठी जिथे माणूस श्वास रोखून उतरायचा, तिथे आता तो पाठीवर हवेची नळकांडी बांधून उतरला.

१९५८ मध्ये दास बेटाजवळ तेल लागलं. त्या जागेचं नाव उम्म शैफ, आणि तो मोत्यांचा जुना हैर होता. १९६२ मध्ये दासवरून पहिलं तेल जहाजाने निघालं. हैरचं नाव तेलक्षेत्राला राहिलं आणि हैर विसरला गेला. आपल्याकडेही नाही का, 'आमराई' नावाच्या सोसायटीत एकही आंब्याचं झाड नसतं.

त्या तेलावर हे रस्ते, हे टॉवर, आपल्या नोकऱ्या आणि आपल्या मुलांच्या शाळा उभ्या आहेत. तेव्हा नाक मुरडण्याचा हक्क मला तरी नाही. मी फक्त नकाशाचा हेतू सांगतोय. पहिला नकाशा आरमारासाठी, दुसरा पोटासाठी, तिसरा तेलासाठी. भिंत बांधणाऱ्यासाठी अजून एकही नाही.

*

तो नकाशा आपल्या हयातीत निघाला.

हे आखात वयाने लहान आहे. १८-२० हजार वर्षांपूर्वी इथे पाणीच नव्हतं, कोरडं खोरं होतं. समुद्र हळूहळू आत शिरला आणि सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या आसपास आला. सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर, म्हणजे बारा-तेरा मजली इमारत बुडेल एवढी. इतकं उथळ पाणी उन्हाळ्यात ३५ अंशांपर्यंत तापतं आणि हिवाळ्यात १५-१६ अंशांपर्यंत उतरतं. मीठही खुल्या समुद्राहून जास्त. इतर समुद्रांतला प्रवाळ ३० अंशांच्या आसपासच पांढरा पडू लागतो. इथला प्रवाळ मात्र तगतो. कारण त्याच्या अंगात एक सूक्ष्म शेवाळ राहतं, जे सूर्यप्रकाशावर अन्न बनवून त्याला देतं, आणि इथलं शेवाळ उष्णता सोसणाऱ्या जातीचं आहे. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या जातीला नाव दिलं तेही 'थर्मोफिलम', म्हणजे उष्णतेची आवड असलेलं. जगाचे समुद्र तापत असताना हा प्रवाळ म्हणजे पुढच्या शतकासाठी राखून ठेवलेलं बियाणं आहे.

पण बियाण्यालाही मर्यादा असते. १९९६ आणि १९९८ च्या उन्हाळ्यांत दुबई-अबू धाबीच्या किनाऱ्याजवळचा फांद्यांचा प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मेला. त्यानंतर कामाला वेग आला. १९९९ मध्ये सागरी जीवसंपत्ती आणि पर्यावरण यांच्या रक्षणाचे संघराज्य कायदे आले. २००१ मध्ये मरावाह बेटाभोवतीचा समुद्र राखीव झाला आणि २००७ मध्ये युनेस्कोने त्याला जैवमंडल म्हणून मान्यता दिली. क्षेत्र ४,२५५ चौरस किलोमीटर. २००५ नंतर अबू धाबी आणि कतारच्या प्रवाळाचे उपग्रह आणि पाणबुडे यांच्या मदतीने नकाशे झाले. चरबी लावलेल्या शिशाच्या जागी आता उपग्रह तळाचा रंग पाहतो, आणि पाणबुड्या खाली जाऊन तो रंग खरंच प्रवाळाचा आहे की शेवाळाचा, हे ताडून घेतो. मला यात एक समाधान आहे. दोनशे वर्षांनीही कोणालातरी उडी मारावीच लागते.

नकाशाने काय साधलं? दोन उदाहरणं देतो आणि निवाडा तुमच्यावर सोडतो.

पहिलं जेबेल अलीचं. तिथल्या प्रवाळाचा अभ्यास नव्वदच्या दशकातच झाला होता आणि १९९८ मध्ये तिथे सागरी अभयारण्यही जाहीर झालं. पुढच्या काही वर्षांतच त्याच उथळ पाण्यात ताडाच्या आकाराचं बेट भरायला सुरुवात झाली. प्रवाळ नकाशात होता आणि कायद्यात होता. तरीही तो भरावाखाली गेला.

दुसरं रास घनाडाचं. दुबईहून अबू धाबीला जाताना उजव्या हाताला खलिफा बंदराच्या क्रेन दिसतात ना? तिथल्या किनाऱ्यालगत अमिरातीतला एक उत्तम प्रवाळ आहे. बंदर आखताना ते किनाऱ्याला चिकटवलं नाही. चार-पाच किलोमीटर आत समुद्रात बेटावर नेलं, आणि बांधकामाचा गाळ प्रवाळावर येऊ नये म्हणून सुमारे आठ किलोमीटरचा बांध घातला. बंदर २०१२ मध्ये सुरू झालं. प्रवाळ शिल्लक राहिला.

देश तोच, दशकही जवळजवळ तेच, आणि नकाशे दोन्हीकडे होते. फरक पडला तो नकाशा कोणत्या टेबलावर आणि कधी ठेवला गेला याने. रास घनाडाला तो आराखडा काढणाऱ्याच्या टेबलावर होता, पहिली रेघ मारण्याआधी.

आणि २०१७ चा उन्हाळा. त्या वर्षी शमाल वारा पडला. हा वायव्येचा वारा उन्हाळ्यात पाण्याची वाफ करून समुद्राला थोडा गारवा देतो. तो पडल्यावर पाणी आठवड्यामागून आठवडे तापत राहिलं. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अबू धाबी केंद्रातले शास्त्रज्ञ हे मोजत होते. अबू धाबीच्या समुद्रातला सुमारे दोनतृतीयांश प्रवाळ त्या एका उन्हाळ्यात मेला आणि पुढच्या वसंतापर्यंत तो आकडा तीनचतुर्थांशाच्या जवळ गेला. इतकी बारीक मोजणी आखातात पूर्वी झाली नव्हती. अगदी नीट मोजलं आणि डोळ्यांदेखत गेलं. माझं एमबीएचं वाक्य तिथे मोडलं.

मग मोजायचं कशाला? यावर मी बराच विचार केला. त्या मोजणीमुळे आज हे कळतं की कुठला तुकडा वाचला आणि का वाचला. अबू धाबीच्या पर्यावरण खात्याने २०२१ पासून प्रवाळाच्या पुनर्वसनाचं मोठं काम हाती घेतलंय. टिकलेल्या प्रवाळाचे तुकडे रोपवाटिकेत वाढवून ते पुन्हा तळाला लावतात. बी कुठून घ्यायचं हे नकाशाच सांगतो. त्या खात्याच्या नव्या संशोधन जहाजाचं नाव आहे 'जयवून'. मोती निवडणाऱ्यांच्या भाषेत सर्वोत्तम मोत्याचं ते नाव. नाखुद्याचा शब्द शेवटी शास्त्रज्ञांच्या जहाजावर आला, हे मला फार आवडलं.

*

आता माझी स्वतःची चूक सांगून संपवतो.

काही वर्षांपूर्वी एका ग्राहकासाठी आम्ही जुन्या सागरी पाहणीच्या नोंदी नव्या प्रणालीत आणत होतो. हजारो ओळी. स्थान, खोली, तळाचा प्रकार, तारीख आणि शेवटी शेरा. शेऱ्यात काय वाट्टेल ते होतं. कुठे अरबीत, कुठे इंग्रजीत, कुठे अर्धवट. "मच्छीमार याला अमुक म्हणतात." "इथे जाळी अडकतात." "मागच्या वेळी जिवंत होता." नव्या प्रणालीत अशा मोकळ्या मजकुराला जागा नव्हती, मुदत जवळ आली होती आणि निर्णय माझ्याकडे होता. मी तो रकाना गाळला. काम वेळेत झालं, सगळ्यांनी माझं कौतुकही केलं. जुनी प्रत पुढे कोणी जपली नाही.

"मागच्या वेळी जिवंत होता." हे वाक्य मला तेव्हा डेटा वाटलं नाही. आज वाटतं की त्या सगळ्या तक्त्यात प्रवाळाच्या बाजूने बोलणारं ते एकच वाक्य होतं.

आमच्या गावच्या सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' मध्ये शेजारच्या घराला आमच्या विहिरीचं पाणी घेण्याचा हक्क लिहिलेला आहे. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची ती एक ओळ. तिच्यामुळे ती विहीर कोणी बुजवू शकलेलं नाही. समुद्राच्या तळाचा सातबारा अजून लिहिला जातोय. खोली भरली, तळ भरला, तेल भरलं. 'इतर अधिकार' मध्ये प्रवाळाचं, शिंपल्याचं आणि त्या वाळूच्या किड्याचं नाव आपल्या पिढीत चढतंय. ते चढवणारे हात अजून फार थोडे आहेत.

आपल्या घरचंही असंच आहे. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत, पाण्याखाली वीसेक मीटरवर, प्रवाळाचं एक मोठं पठार आहे. नकाशात त्याचं नाव आंग्रिया बँक. ज्या आंग्र्यांना कंपनीने चाचे म्हटलं, त्यांचंच नाव त्याला चिकटलं. २०१९ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांची मोहीम तिथे जाऊन पाहणी करून आली. ते पठार जेबेल अलीच्या वाटेने जाणार की रास घनाडाच्या, हे अजून ठरायचंय. कोकणात आपली घरं आहेत, मतं आहेत. विचारणारे आपणच असायला हवं.

तर पुढच्या सुट्टीत दिब्ब्याला गेलात की मुलांना मासे दाखवाच. पण खाली उभं राहायला खडक शोधत असलेल्या पायाला जरा थांबवा, तो खडक कोणीतरी बांधलेला आहे. आणि शेजारी होडीवर एखादा म्हातारा मच्छीमार दिसला, तर त्या जागेला तो काय म्हणतो ते विचारा आणि तारीख घालून वहीत लिहून ठेवा. तो शेरा आहे. मी एकदा गाळला, तुम्ही गाळू नका.